डिपडिपचं पाकीट

प्रिय नंदाताई,

तुमचं चहाचं कापडी पाकीट आमच्याकडे राहिलं आहे. रविवारी समीक्षाचं डोहाळजेवण आटोपून तुम्ही सगळे गाडीत बसलात, आणि नंतर ताटं-वाट्या आवरताना ते मला शिलाई मशीनच्या फळीवर दिसलं. आत डिपडिपच्या दोन पुड्याही आहेत, तशाच ठेवल्यात. उद्या हे टेंपो घेऊन चौक गावाला येणार आहेत, तेव्हा लोधिवलीला थांबून पाकीट आणि हे पत्र तुमच्याच हातात देतील, तसं मी त्यांना बजावलं आहे. फोनवर बोलले असते, पण तुमचा फोन सदा स्पीकरवर आणि समीक्षा शेजारी. शिवाय निघताना फाटकापाशी तुम्ही जे विचारलंत, त्यावर मी नुसतं ‘बघू’ म्हणाले होते. त्याचं उत्तर द्यायचं आहे. ते एका शब्दाचं आहे, पण आधी बाकीचं बोलल्याशिवाय तो शब्द माझ्याकडून बाहेर पडायचा नाही.

राग येऊ देऊ नका, पण त्या दिवशी सुरुवात तुम्हीच केलीत. मी सकाळी शेजारच्या जिजाच्या म्हशीचं दूध आणून ठेवलं होतं, परसातला गवती चहा, आलं, सगळं घालून चहा उकळला होता. विहीणबाईंना पहिला कप म्हणून घेऊन आले, तर तुम्ही पर्समधून ते पाकीट काढलंत, टिचबटण उघडलंत आणि हसून म्हणालात की मला फक्त गरम पाणी द्या. तुम्हाला साखर आहे, डॉक्टरांनी दूध-साखरेचा चहा बंद केलाय, कंपनीतही तुम्ही कँटीनचा चहा न घेता हाच घेता, हे मला समीक्षानं सांगितलेलं होतं. मला ठाऊक होतं, तरी लागलं. तुम्ही कपात ती पुडी खालीवर बुडवत बसलात आणि माझा कप माझ्याच हातात राहिला. जिजाला तर असं काही दिसलं की राहवत नाही. आत येऊन म्हणाली, “वनिते, तुझ्या विहीणबायला तुझी चाय नाय चालत वाटतं गं. सवताची घेऊन आली हाय.” मी तिला गप्प केलं आणि तो कप स्वतः पिऊन टाकला.

आता तुम्ही म्हणाल, वनिताताई, तुम्ही तरी आमच्याकडे कुठे काय घेता? बरोबर आहे. दिवाळीला आम्ही आलो तेव्हा मी पिशवीत पाण्याची बाटली घेऊन आले होते आणि तुम्ही ती पाहूनही न पाहिल्यासारखं केलंत. आमच्या सासूबाईंचं होतं ते, लेकीला मूल होईपर्यंत तिच्या घरचं पाणी प्यायचं नाही. त्या गेल्या, पण नियम ठेवून गेल्या. समीक्षाचे पप्पा हसतात, दोन-दोन कप चहा मारतात तुमच्याकडे. मी मात्र ओठ कोरडे ठेवून बसले होते आणि तुमची समीक्षा (बघा, हात असं लिहून गेला) बिस्किटांची ताटली घेऊन माझ्यासमोर उभी होती. तेव्हा आपली फिट्टंफाट झाली असं मी रविवारी मनाला सांगत होते. चहावरची फिटली असेलही. पाकिटाची नाही फिटली.

ते पाकीट तुम्ही ओसरीवर ठेवलंत आणि ओटी भरायला उठलात, तेव्हा मी ते हातात घेतलं. एवढी वर्षं पोशीरच्या बायकांचे ब्लाऊज शिवतेय, कापड हातात आलं की आधी उलटी बाजू बघायची सवय आहे. वरचं कापड मी लगेच ओळखलं. रुखवतात चहाच्या ट्रेवर घालायला जो रुमाल दिला होता, त्याच्या उभ्या किनारीला मी एकावर एक हिरवे पोपट भरले होते. त्यातलाच पट्टा कापलेला. आतून तुमच्या त्या फिक्या निळ्या ड्रेसचं अस्तर. मधोमध दुमडून दोन्हीकडे पुड्या ठेवायचे कप्पे. आणि दुमडल्यामुळे एका बाजूचा पोपट सरळ बसलेला, दुसऱ्या बाजूचा डोक्यावर उभा. दिशा असलेलं कापड दुमडायचं असेल तर मध्ये जोड देऊन एक तुकडा फिरवून घ्यावा लागतो. शिवणकाम येणारं माणूस ही चूक करत नाही. कोपऱ्यांना आत दुमडलेली माया जास्त राहिलेली, त्यामुळे ते टोकदार न होता लाडवासारखे गोल झालेले. मला वाटलं, तुम्हीच शिवलं असेल. खोटं कशाला बोलू, बरं वाटलं. म्हटलं, विहीणबाई सगळ्यात हुशार, पण सुई काही त्यांना वळत नाही.

मग मी टाके बघितले. सगळे हाताचे होते आणि तिरके, हेमिंगचे असतात तसे. पण माझे टाके ज्या बाजूला झुकतात, त्याच्या उलट बाजूला झुकलेले. असे टाके डाव्या हाताचं माणूस घालतं. आपल्या दोन्ही घरांत डाव्या हाताचं एकच माणूस आहे.

नंदाताई, मला माझ्या मुलीचा टाका ओळखू आला नाही. येणार कसा? मी तो कधी पाहिलाच नव्हता.

तुम्हाला आता माहीत झालंय, म्हणून लपवण्यात अर्थ नाही. रुखवतातलं सगळं मी केलं होतं. पोपट, दारावरचं तोरण, उशांचे अभ्रे, ती कापडाची बाहुली जिचं तुमच्या जावेनं एवढं कौतुक केलं, सगळं. लग्नात पाहुण्यांसमोर ‘हे सगळं पोरीनं स्वतः केलंय’ असं म्हणायचं असतं, म्हणून म्हटलं. सगळ्याच आया म्हणतात, ऐकणारेही मान डोलावतात आणि जेवायला जातात. मला काय माहीत, तुम्ही ते धरून बसाल. तुमच्या पर्समध्ये डब्याखाली चहाच्या पुड्या चेपतात, फाटतात, म्हणून तुम्ही समीक्षाला म्हणालात की रुखवतात एवढं केलंस, मला एवढुसं पाकीट तेवढं शिवून दे. ती कापड घेऊन बसली, सुईत दोरा ओवला, आणि पुढे काही करता येईना म्हणून रडायला लागली. हे मला तिनंच सांगितलं, रविवारी, पंगत बसली तेव्हा आत स्वयंपाकघरात. मी विचारलं, मग मला का नाही फोन केलास, मी इथून शिवून पाठवलं असतं. तर म्हणाली, मम्मींना खरं सांगून टाकलं. आणि मम्मी एवढ्या हसल्या की त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं, कारण त्यांच्या रुखवतातलं सगळं त्यांच्या मावशीनं केलं होतं.

मम्मी, म्हणजे तुम्ही. मला ती आई म्हणते, त्यात मला काही कमी नाही. पण ‘मम्मी’ म्हणताना तिचा आवाज जरा वर जातो, एखादी गंमत सांगायची असल्यासारखा. तुमच्या लक्षात आलंय का? मला पहिल्याच फोनला आलं होतं.

मी तिला शिकवलं नाही असं समजू नका. शाळेत होती तेव्हापासून दर सुट्टीत बसवायचे. मी शिकले तशीच शिकवायचे. आमच्या नेरळच्या शिवणबाईंनी मला शेजारी बसवून शिकवलं, तसं मी तिला माझ्या उजवीकडे बसवायचे आणि म्हणायचे, माझ्या हाताकडे बघ. ती बघायची आणि तिचा हात भलतीकडे जायचा. माझ्या कात्रीनं तर तिच्या हातात कापड कापलं जायचंच नाही, चावल्यासारखं व्हायचं. शेवटी ती म्हणायची, आई, मला नाही जमत, आणि अभ्यासाला पळायची. मी म्हणायचे जाऊ दे, एकेकाच्या हातात नसतं. पुढे ती कॉलेजला गेली, नोकरीला लागली, आणि माझं मशीन माझ्यापुरतं राहिलं.

आणि तुम्ही? तुम्हाला तर हेमिंगसुद्धा धड येत नाही, त्या निळ्या ड्रेसचा घेर तुम्ही घरी खाली सोडला होता ना, मी बघितलाय. तुम्ही काय केलंत, तर तिच्या समोर बसलात. शेजारी नाही, समोर, गुडघ्याला गुडघा लावून. समीक्षा मला तुमची नक्कल करून सांगत होती. “आता मी आरसा हाय असं समज. आरशात बघून वेणी घालते ना तू, तसंच बघ माझ्याकडं. माझा हात हिकडं आला की तुझा पण हिकडंच.” एका दुपारीत जमलं म्हणे. तुम्हाला कुणी सांगितलं होतं हे? कुणीच नाही. तुम्हाला खुर्ची ओढायचा कंटाळा आला म्हणून तुम्ही होतात तिथेच, समोर बसलात, असं समीक्षा म्हणाली. मला हे जास्तच लागलं. खूप विचार करून केलं असतंत तर मी म्हटलं असतं, हुशार आहेत. सहज जमलं तुम्हाला.

ती हे सांगत होती आणि मी पुरणाच्या पोळीवर तूप सोडत होते. तूप ताटाबाहेर गेलं तेव्हा ती थांबली. तिच्या लक्षात आलं असावं. लहानपणापासून तिला माझा चेहरा वाचता येतो, टाके नाही आले तरी. माझ्या दंडाला हात लावून म्हणाली, “आई, एक बोलू? रागवू नकोस. मला आता तिथंच झोप लागते.”

एवढंच बोलून ती बाहेर पंगतीत गेली. पण तुम्ही फाटकापाशी येऊन जे विचारलंत, ते मी तिच्या तोंडून आधीच ऐकलं होतं, असं समजा. तुम्ही म्हणालात, “वनिताताई, पहिलं बाळंतपण म्हाएरी असतं, मला कळतं. पण तिचं बीपी जरा वर हाय, डॉक्टर आमच्या हाकेवर. ऱ्हाऊ द्या तिला आमच्याकडं.” तुम्ही हात जोडले नव्हते पण जोडल्यासारखंच वाटलं. मी ‘बघू’ म्हणाले आणि गाडीचं दार लावलं. जरा जोरातच लागलं ते.

खोली मी केव्हाच तयार केली होती, नंदाताई. ज्या दिवशी बातमी कळली त्या दिवसापासून. मशीन ओसरीवर काढलं, म्हणजे तिला आवाज नको. खिडकीला जाळी बसवली. कर्जतच्या बाजारातून हे पाळणा घेऊन आले, टेंपोत सिमेंटच्या गोण्यांवर ठेवून. डिंक आणला, अळीव आणले, जिजाला बाळाच्या मालिशीसाठी सांगून ठेवलं, तर तिनं लगेच गावभर सांगितलं. आता बायका ब्लाऊज द्यायला येतात तेव्हा विचारतात, पोर कधी आणताय? सातव्यात आणायची असते ना? मी म्हणते, तपासणी आहे, मग आणू. रोज म्हणते. रुखवताचं खोटं एक दिवसाचं होतं, हे रोजचं झालंय.

सोमवारी दुपारी मी कामाला बसले, पण काम काही झालं नाही. तुमचं पाकीट समोर होतं. मनात आलं, ते कोपरे नीट करावेत, उलटा पोपट सुलटा करावा. ब्लेड हातात घेतलं. पहिला टाका उसवायला गेले आणि थांबले. मग स्वतः एक नवीन पाकीट शिवलं. तसेच पोपट भरलेला, रुखवतातून उरलेला एक पट्टा माझ्याकडे होता. अस्तराला ताठपणासाठी बकरम लावलं, मध्ये जोड देऊन पोपट सरळ बसवले, कोपऱ्यांना कात्र मारून टोकं काढली. सुरेख झालं. दुकानात ठेवलं तर कुणी विकत घेईल असं. ते तुमच्या पाकिटाशेजारी ठेवलं आणि बघत बसले. म्हटलं, हेच पाठवावं तुम्हाला, आणि तुमचं इथे ठेवून घ्यावं. तुम्हाला चांगलं मिळेल आणि मला तिच्या हातचं. हा विचार मी बराच वेळ केला, हे तुमच्यापासून लपवत नाही.

मग काय झालं ते लिहिते. हसू नका. मी कपाटाच्या आरशासमोर पाट टाकला, हातात एक पदर घेतला आणि हेमिंग करायला लागले. आपल्याच हाताकडे न बघता आरशात बघत. आणि नंदाताई, आरशात एक बाई डाव्या हातानं शिवत होती. तिचे टाके उलट्या बाजूला झुकत होते, तुमच्या पाकिटावरच्या टाक्यांसारखेच. चेहरा माझा होता आणि हात समीक्षाचा होता. हे बाहेरून ओसरीवर आले आणि म्हणाले, काय गं, आरशाला काय शिकवतेस? मी म्हटलं, आरसाच मला शिकवतोय.

तेव्हापासून माझं पोट दुखायचं थांबलं असं नाही. पोट अजून दुखतं. तुम्ही तिच्या डोक्याला तेल लावत असाल, ती तुमच्या मांडीजवळ बसत असेल, रात्री तिला कूस बदलता येत नाही म्हणून तुम्ही उशी देत असाल, हे सगळं मला इथे बसून दिसतं आणि हातातली सुई बोटात जाते. तिला वाईट सासू मिळाली असती तर बरं झालं असतं, असंही एकदा मनात येऊन गेलं. मी कान पकडले. पण आलं होतं.

तेव्हा आता उत्तर. होय. बाळंतपण तुमच्याकडेच होऊ द्या. डॉक्टर जवळ आहेत, रस्ता चांगला आहे, आणि तिला तिथे झोप लागते. पोशीरच्या बायकांना काय सांगायचं ते मी सांगेन, जिजाला तर सांगायचीही गरज नाही, तिला आधीच कळलं असेल. पाळणा टेंपोत घालून पाठवते, डिंकाचे लाडूही. पण मीही येणार आहे, नववा लागला की, आणि बाळ महिन्याचं होईपर्यंत हलणार नाही. तुमच्याकडचं पाणी पिणार. सासूबाईंच्या फोटोला मी सांगून टाकलंय. तुमचा तो गवतासारखा कडू चहाही घेईन. मी शिवलेलं पाकीट पर्समध्ये घालून आणते, ते रिकामं आहे, तुम्ही भरा. तुमचं पाकीट मी आहे तसं परत करते आहे. पोपट डोक्यावरच उभा आहे. टिचबटण ढिलं होतं, ते तेवढं दोन टाके घालून पक्कं केलं. तिला सांगू नका.

आणि एवढं सगळं ज्याच्यासाठी लिहिलं, ते आता लिहिते. बाळाचं पहिलं झबलं. माझी मऊ झालेली एक जुनी पांढरी सुती साडी मी धुऊन, उन्हात वाळवून ठेवली आहे. बारशाच्या आधीचं झबलं आजोळचं असतं, ते मी शिवूनच आणणार होते. आता नाही. कापड नुसतं कापून आणते, बंदांसकट, आणि डाव्या हाताची कात्री मुंबईहून मागवली आहे. ते झबलं समीक्षा शिवेल. तुम्ही तिला पुष्कळ शिकवलंत आणि पुढेही शिकवाल, मी काही म्हणणार नाही. पण झबलं शिकवू नका. तिनं हट्ट केला तरी नका शिकवू, येत नाही म्हणा, तसंही तुम्हाला येत नाही. ते माझ्यासाठी ठेवा. मी येईन तेव्हा तिच्या समोरची जागा तेवढी मोकळी ठेवा. तिथे मी बसेन.

तुमचीच विहीण, आणि समीक्षाची आई,
वनिता